उंचीवरच्या कामासाठी कॅमेरे घ्यावेत की सेन्सरचे हूक?

साइटवाला_पुणे
नमस्कार मंडळी. सात मजली इमारतीचं काम बघतो. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्याच्या कडेला शटरिंग (स्लॅबचे साचे) खोलताना आमचा एक सुतार घसरला. पाय पाइपात अडकला म्हणून वाचला. बेल्ट अंगात होता, पण त्याच्या दोरीचे दोन्ही हूक त्याच्याच कमरेच्या कडीला लावलेले. ते डोळ्यांसमोरून जात नाही. मालक आता खर्चाला तयार आहेत. बेल्टशिवाय कडेला गेलेला माणूस ओळखून फोनवर इशारा देणारे कॅमेरे, की अडकवला नाही तर वाजणारे हूक? कुणी वापरलंय का?

सेफ्टीकाका
पोरगा वाचला, फार बरं झालं. मी दोन्ही वापरलेत. कॅमेरा मोकळ्या स्लॅबवर ठीक चालतो, हिरव्या जाळीआड आणि डक्टमध्ये (लिफ्ट-पाइपांच्या उभ्या पोकळीत) त्याला काही दिसत नाही. शिवाय इशारा जातो सुपरवायझरच्या फोनवर, आणि तो तेव्हा खाली सिमेंटची गाडी उतरवून घेत असतो. भोंगा त्याच मजल्यावर वाजणार असेल तरच घ्या.

हूक त्याहून बरे, काम करणाऱ्यालाच आवाज येतो. पण हूक लागलाय एवढंच सेन्सरला कळतं, कशाला लागलाय ते नाही. परांचीचा बांबू काय नि कॉलमला आवळलेली लाइफलाइन (हूक अडकवायची ताणलेली दोरी) काय, त्याला दोन्ही सारखंच. म्हणून आधी लाइफलाइन.

आणि हा हिशेब कराच. बेल्टची दोरी १.८ मीटर, झटका सोसणारं पाकीट उलगडलं की आणखी १.७५ पर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत १.५, खाली मोकळी जागा १. हूक अडकवला तिथून खाली झाले सहा मीटर! पहिल्या स्लॅबवरून पडलेला माणूस पाकीट पुरतं उलगडायच्या आतच जमिनीवर आपटू शकतो. तिथे डोक्यावर टांगायचा, हिसका बसताच लॉक होणारा ब्लॉक घ्या. गाडीच्या सीटबेल्टसारखं काम करतो.

मुकादम_नाशिक
काकांशी सहमत. एक राहिलं. लटकलेल्याला खाली कसं घेणार, ते आधी ठरवा. मांडीचे पट्टे काचतात, रक्त पायात साचतं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. बेल्टला पाय टेकवायचा पट्टा मिळतो, तो घ्या. उतरवायची दोरी-पुली त्याच मजल्यावर ठेवा, आणि आमच्यासारखं महिन्यातून एकदा गोणी लटकवून उतरवून बघा.

लिफ्टच्या डक्टवर नुसतं प्लायवूड टाकू नका. कुणीतरी ते शटरिंगला उचलून नेतंच. डक्टमधल्या सळया स्लॅबच्या वेळी कापू नका, गरज लागेपर्यंत जाळी तशीच राहू दे.

साइटवाला_पुणे
काका, मुकादम, मनापासून आभार. आज टेप घेऊन फिरलो. मजला तीन मीटरचा, आणि आमच्याकडे सगळ्या पाकिटवाल्या दोऱ्याच. सुतारालाही विचारलं, हूक कमरेला का लावले होते. म्हणाला, "साहेब, तिथं अडकवायला काही नव्हतंच."

कॅमेऱ्यांचं सध्या थांबवलंय. कॉलमभोवती आवळायची लाइफलाइन कुणी भाड्याने घेतली असेल तर दर कळवा. सोमवारी चौथ्या मजल्याचं शटरिंग खोलायचंय, त्याआधी हवी आहे.