फ्रेझर दमला नव्हता, त्याला दिसत नव्हतं

मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या तिसऱ्या बॉक्सिंग लढतीबद्दल 'मनिलात फ्रेझरचा दम संपला म्हणून तो स्टुलावरच बसून राहिला' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. तो १५व्या फेरीला उठायला तयार होता. लढत थांबवली ती त्याचा प्रशिक्षक एडी फचनं. फ्रेझरचा डावा डोळा आधीपासूनच अधू, त्यात १ ऑक्टोबर १९७५ला उजवाही सुजून मिटत गेला. मग अलीचा सरळ उजवा ठोसा येताना दिसणार कसा? १३व्या फेरीत फ्रेझरचा माउथगार्ड (दातांवरचं संरक्षक कवच) रिंगबाहेर उडाला तो असाच.

१९७१च्या पहिल्या लढतीत फ्रेझरनं अलीला पाडलं त्या डाव्या हुकला (कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा) नुसती 'ताकद' म्हणणंही अपुरं आहे. अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) मारताना अली ताठ उभा राहायचा आणि उजवा हात हनुवटीपासून खाली न्यायचा. फचनं ही खोड हेरली होती: हात खाली गेला की त्याच क्षणी डावा हुक. १५व्या फेरीत अली पाठीवर आपटला तो ह्याच फटीतून. (फ्रेझरचा डावा हात लहानपणच्या दुखापतीमुळे पूर्ण सरळ होत नसे, म्हणजे हुकसाठी कोपर कायमचंच वाकलेलं!) १९७४च्या दुसऱ्या लढतीत अलीनं त्यावर उतारा काढला. मारायचं, लगेच मानेमागे हात टाकून डोकं खाली दाबायचं आणि मिठी मारायची. हुकला जागा लागते, तीच शिल्लक ठेवली नाही. रेफरीनं चालवून घेतलं, हा भाग वेगळा. मनिलात मात्र पाडिया रेफरी होता आणि तो मानेवरचा हात झटकून काढत होता.