रे: रे: रे: संमेलनाचा व्हिसा, जर्मनी की फ्रान्स?

मंडळी, तिकिटं झाली, आता अर्ज कुठे करायचा यावरून घरात वाद पेटलाय. संमेलन जर्मनीत तीन दिवस, पुढे मुलांना घेऊन पॅरिसला चार. अपॉइंटमेंट फ्रान्सची मिळतेय, जर्मनीची नाही. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी काय केलं? फॉर्म आज रात्रीच भरायचाय.
– बालनाट्यवाली

---

फ्रान्सचीच घे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम सरळ आहे: मुक्काम जिथे जास्त, त्यांच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर पहिल्यांदा उतरशील तो देश. एवढ्यासाठी आख्ख्या लिस्टला मेल कशाला? मला फोन करायचा.
– माजी सेक्रेटरी

---

काका, अर्धाच नियम सांगितलात. दिवस किंवा मुख्य हेतू, दोन्ही आहे त्यात. सोबत निमंत्रण जर्मनीचं आणि अर्ज फ्रान्सला, मग खिडकीवर विचारणारच. माझं तसंच झालं होतं. बाईंनी हॉटेलची बुकिंगं एका बाजूला, पत्र दुसऱ्या बाजूला ठेवलं, दिवस बोटांवर मोजले आणि सगळा गठ्ठा काचेखालून परत सरकवला.
ताई, पॅरिसचे दोन दिवस कमी कर आणि जर्मनीचीच अपॉइंटमेंट बघत राहा. रद्द झालेल्या जागा मधूनच उघडतात. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निकाल एरवी १५ दिवसांत, पण ४५ पर्यंत लांबू शकतो.
– खजिनदार

---

पॅरिस कमी करायचं? मुलांना काय सांगू?? आणि ओसीआय चालेल का?
– बालनाट्यवाली

---

ओसीआय हे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, भारतात जायला. युरोपात त्याचा काही उपयोग नाही.
इन्शुरन्स मात्र विसरू नका, किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.
– खजिनदार

---

निमंत्रणपत्रं सांस्कृतिक समिती परस्पर मागवतेय असं कळलं. ती यजमान मंडळाकडून कार्यकारिणीमार्फतच येतील, हे मागच्या सभेत ठरलंय. अप्पांच्या पत्राचा घोळ आठवतो ना? सगळे अप्पा म्हणतात म्हणून पत्रावरही 'अप्पा' छापून आलं, पासपोर्टवर कुठेही अप्पा नाही! वडिलांच्या नावासकट स्पेलिंग पासपोर्टवरचंच पाठवा.
– सेक्रेटरी

---

समितीने फक्त तबलजींचं पत्र मागवलं, तेही कार्यकारिणीने तीन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून. त्यांना यजमान मानधन देणार आहेत. पैसे घेऊन वाजवायचं तर साधा व्हिसा पुरेल की कामाची परवानगी लागेल, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. ते आधी विचारायला नको?
– सांस्कृतिक समिती

---

मानधन कधी ठरलं? खजिनदारांना माहीत आहे का?
– माजी सेक्रेटरी

---

मला आत्ता कळलं.
– खजिनदार

---

हे घ्या माझं स्पेलिंग, पासपोर्टचा फोटो जोडलाय. पॅरिस दोन दिवसांवर आणलं, धाकटा बोलत नाहीये.
– बालनाट्यवाली

---

ताई, फोटो सगळ्या लिस्टला गेलाय! सगळ्यांनी कृपया डिलीट करा. बाकीच्यांनी फक्त मला पाठवा, रिप्लाय-ऑल नको.
– सेक्रेटरी

---

माझाही जोडलाय.
– अप्पा