परदेशी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र कक्ष: आधार की पळवाट?

सांजवात

अकरा वर्षं विद्यापीठात शिकवते आहे. वर्गात दर वर्षी चार-पाच देशांतली मुलं असतात. मागच्या सत्रात त्यांतला एक मुलगा सलग तीन आठवडे आला नाही. विभागात विचारलं, तर म्हणाले, "परदेशी विद्यार्थी आहे ना? मग कक्षाला कळवा." कक्षाला मेल केला. त्यांनी लिहिलं की व्हिसाची कागदपत्रं व्यवस्थित आहेत, अभ्यासाचं विभागानेच बघावं. समुपदेशन केंद्र म्हणालं, विद्यार्थी स्वतः आला तरच वेळ देता येते. तिन्ही उत्तरं नियमाला धरून होती. पण त्या तीन आठवड्यांत त्याच्या खोलीचं दार कुणी वाजवलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलंय. परदेशी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र कक्ष असला की बाकीचं सगळं विद्यापीठ हात झटकून मोकळं होतं. परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृह, प्राध्यापक, सगळ्यांना एकच वाक्य पाठ झालेलं असतं: "ते कक्ष बघेल." आणि कक्षात माणसं असतात मोजून तीन-चार.

कक्षाने व्हिसा आणि पहिले काही दिवस एवढंच सांभाळावं. बाकीचा आधार सगळ्या विद्यार्थ्यांना जिथे मिळतो तिथेच मिळाला पाहिजे, आणि तिथल्या माणसांना या मुलांच्या अडचणी माहीत असल्या पाहिजेत. न्यूझीलंडने हेच केलं. तिथे परदेशी विद्यार्थ्यांची काळजी कशी घ्यायची याची वेगळी संहिता बरीच वर्षं होती. 2019 मध्ये एका वसतिगृहात एक विद्यार्थी मरण पावला आणि काही आठवडे ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. देश हादरला. 2021 मध्ये देशी आणि परदेशी, दोघांसाठी मिळून एकच संहिता आली. परदेशी मुलांसाठी जास्तीच्या तरतुदी तिच्यातच आहेत. मला हा रस्ता बरोबर वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

पाणपोई

सांजवात, त्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. मी अमेरिकेत अशाच एका कक्षात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. सत्राच्या मध्यावर तिला झोप लागेना, अभ्यास होईना. तिच्या प्राध्यापकांनी अगदी मायेने सांगितलं, "झेपत नसेल तर एक विषय सोडून दे, पुढच्या वर्षी कर." तिने सोडला. स्थानिक विद्यार्थ्याला हा सल्ला उत्तमच. पण अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. आजारपणात विषय कमी करता येतात, पण त्याला डॉक्टरांचं पत्र लागतं आणि त्यासाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची परवानगी विषय सोडण्याच्या आधी घ्यावी लागते. तीही एका पदवी-पातळीवर एकूण बारा महिन्यांपुरती. ती आमच्याकडे आली विषय सोडून दोन आठवडे झाल्यावर. आधी आली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. नंतर तिचा वैध दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करावा लागला आणि निकाल येईपर्यंत ती पोर आणखी खचली.

तेव्हा "कक्षाने फक्त व्हिसा बघावा" असं म्हणून भागत नाही. या मुलांच्या आयुष्यात व्हिसा वेगळा काढताच येत नाही. आजारपण, नापास होणं, गाईडशी न पटणं, वर्षभर सुट्टी घेणं, बाळंतपण, सगळं शेवटी तिथेच येऊन पोचतं. ऑस्ट्रेलियाच्या 2018 च्या राष्ट्रीय संहितेत तर शिक्षणसंस्थेने परदेशी विद्यार्थ्यांसाठी अधिकृत संपर्क-व्यक्ती नेमलीच पाहिजे असं स्पष्ट आहे. जबाबदारी सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही, हे मी रोज बघते.

रोखठोक

दोघींचंही म्हणणं वाचलं. मला मुळात प्रश्नच वेगळा दिसतो. ही मुलं सज्ञान आहेत. स्वतःच्या निर्णयाने आली आहेत. नियमांची पुस्तिका मिळते, पहिल्या आठवड्यात ओरिएंटेशन असतं. त्यापुढे किती हात धरायचा?

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. प्राध्यापकांच्या भेटीची वेळ म्हणजे नेमकं काय, तिथे जाऊन काय विचारायचं, हे मला दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. माझ्यासाठी कुठलाच कक्ष नव्हता. मग पासपोर्टच्या रंगावरून आधार का वाटायचा? आणि एक स्पष्ट बोलतो. निबंधात दुसऱ्याचा मजकूर उचलला तर ती चोरी आहे, मग करणारा कुठून आलेला असो. "त्यांच्याकडे चालतं" हे कारण ऐकून मी कंटाळलोय.

सांजवात

रोखठोक, तुमचा पहिला मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. भेटीच्या वेळेचा अर्थ नीट सांगितला असता तर तुम्हालाही उपयोग झाला असता. म्हणूनच तर म्हणते, वेगळं काढू नका.

चोरीबद्दल मात्र थांबा. माझ्या वर्गातल्या काही मुलांनी आधीच्या शिक्षणात ग्रंथातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं हा अभ्यासाचा पुरावा म्हणून शिकलेलं असतं. आपण त्यांना पहिल्या आठवड्यात तीस पानांची पीडीएफ देतो आणि आठव्या आठवड्यात शिस्तभंगाच्या समितीपुढे उभं करतो. मी आता तिसऱ्या आठवड्यात सगळ्या वर्गाकडून एक पान लिहून घेते. त्याला गुण नाहीत. कुठे संदर्भ हवा होता, कुठलं वाक्य आपल्या शब्दांत यायला हवं होतं, हे पेन्सिलीने दाखवून परत देते. तीन संध्याकाळी जातात. ज्यांच्या वह्या जास्त रंगतात त्यांत स्थानिक मुलंही भरपूर असतात.

दूरदेशी

मी परदेशात शिकले. तीन वर्षं. इथली चर्चा देणाऱ्यांच्या बाजूने चालली आहे, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

मी कक्षाच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. कारण मदत करणारा माणूस आणि वर कळवणारा माणूस एकच होता. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सेव्हिस या सरकारी प्रणालीत माहिती भरायची ती विद्यापीठाच्याच अधिकाऱ्यांनी. ब्रिटनमध्ये विद्यापीठ हे व्हिसाचं प्रायोजक असतं, विद्यार्थी यायचा थांबला तर गृहखात्याला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पाणपोई, तुम्ही मनाने कितीही चांगल्या असाल, पण तुमच्या समोरच्या खुर्चीत बसून "मी महिनाभर वर्गात गेले नाही" असं कोण सांगणार?

मी ज्या ठिकाणी अर्धवेळ काम करायचे तिथल्या मालकाने दोन महिन्यांचा पगार बुडवला. तक्रार केली नाही. कारण सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा होती आणि एका आठवड्यात मी तेवीस तास काम केलं होतं. मालकाला ते माहीत होतं आणि ते मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मला त्या वेळी असा कुणीतरी हवा होता जो कायदा जाणतो पण कुणालाही कळवायला बांधलेला नाही. शेवटी विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रातल्या बाईंनी मार्ग दाखवला. त्यांच्याकडे मी गेले ती मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून.

तेव्हा माझं मत: कक्ष एक की अनेक, हा वाद नंतर. आधी कागद सांभाळणारा आणि मन मोकळं करायचा माणूस वेगळे करा.

चांदणवेल

ओरिएंटेशनचा उल्लेख आला म्हणून. 1955 मध्ये लिसगार्ड या नॉर्वेजियन संशोधकाने फुलब्राइट या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन विद्वानांचा अभ्यास मांडला होता. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले त्यातल्या त्यात बरे रुळलेले, मधल्या काळातले जास्त अडचणीत. म्हणजे आपण सगळी शक्ती पहिल्या आठवड्यावर खर्च करतो आणि खरा खड्डा येतो सहा महिन्यांनी, तेव्हा स्वागताचे फलक कधीच उतरलेले असतात. ओरिएंटेशन दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला पुन्हा घ्यायला हवं.

पाणपोई

चांदणवेल, लिसगार्डच्या त्या निष्कर्षांचा आलेख आमच्या प्रशिक्षणातही दाखवतात. पण त्याने एकाच गटाला वर्षभर पाहिलेलं नव्हतं, वेगवेगळा काळ राहिलेल्या लोकांची तुलना केली होती. 1998 मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून वर्षभर वेळोवेळी तपासलं. त्यांना सगळ्यात जास्त त्रास दिसला तो पोचल्या पोचल्याच. आमच्या काउंटरवरही तेच दिसतं. बँक खात्याला पत्ता लागतो, घर भाड्याने घ्यायला बँक खातं आणि स्थानिक जामीनदार लागतो. आठ दिवस मूल त्या चक्रात फिरतं आणि त्याच आठ दिवसांत विषय निवडायचे असतात.

दुसऱ्या सत्रात पुन्हा भेटणं मात्र मला मान्य आहे. पहिल्यातलं काढून नको.

दूरदेशी, तुमचं बरोबर आहे. मला हे लिहायला जड जातं, पण मुलं बोलता बोलता मध्येच थांबतात ते मी पाहिलंय. आता मी संभाषणाच्या सुरुवातीलाच सांगते की कोणती गोष्ट मला कळवावी लागते आणि कोणती नाही. त्याने थोडा फरक पडतो. पुरेसा नाही.

रोखठोक

तेवीस तासांचा किस्सा वाचून माझं मत थोडं हललं. ही अडचण मला माझ्या विद्यार्थीदशेत येऊच शकली नसती. माझा पगार बुडवला असता तर मी सरळ तक्रार केली असती, देश सोडावा लागेल ही भीती नसती. तेवढ्यापुरता वेगळा आधार हवा, हे मान्य.

अभ्यासातल्या सवलतींना माझा विरोध कायम आहे. सांजवातांची पेन्सिल चालेल, कारण ती सगळ्यांसाठी आहे.

सांजवात

पाणपोईंच्या विद्यार्थिनीची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो "एक विषय सोड" असा सल्ला मी स्वतः किती जणांना दिला असेन! म्हणून माझा प्रस्ताव बदलते. कक्ष राहू दे, पण प्रत्येक विभागात एक नेमलेली व्यक्ती हवी. तिला नियम पाठ नसले तरी चालतील, कुठल्या प्रश्नावर थांबून कक्षाला फोन करायचा एवढं तिला कळलं पाहिजे.

पाणपोई

चालेल, एका अटीवर. तिचे शिकवण्याचे तास तेवढे कमी करा. नाहीतर हे काम विभागातल्या सगळ्यात नव्या बाईंच्या गळ्यात पडतं आणि दोन वर्षांत त्याही थकतात.

दूरदेशी

सांजवात, त्या मुलाचं पुढे काय झालं?

सांजवात

चौथ्या आठवड्यात त्याच्या वर्गमित्राने सांगितलं. त्याचे वडील गेले होते. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज चालू होता, पासपोर्ट तिकडे जमा, आणि निकाल येण्याआधी देश सोडला असता तर अर्ज बाद झाला असता. त्याने अंत्यसंस्कार फोनवर पाहिले आणि खोलीत बसून राहिला. पासपोर्ट जमा असल्याचं कक्षाला माहीत होतं. तो वर्गात येत नाही हे मला माहीत होतं. तो रात्री स्वयंपाकघरात दिसत नाही हे मजल्यावरच्या मुलांना माहीत होतं. परीक्षा पुढे ढकलून मिळाली, आता तो परत येतो वर्गात. मागच्या बाकावर बसतो.

पाणपोई

मुदतवाढीचे अर्ज चालू असलेल्यांची यादी आमच्याकडे असते. विभागातल्या नेमलेल्या व्यक्तीला ती देता येईल का, हे सोमवारी वरिष्ठांना विचारते.

दूरदेशी

आधी त्या मुलांना विचारा, प्रत्येकाला वेगळं. मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण माझी खोलीतली मैत्रीण नाही म्हणाली असती, आणि तिची कारणं खरी होती.