'सॉकर'मधला 'सॉक' कुठला?

विचारणा: मुलाशी वाद झाला. मी म्हटलं, फुटबॉलला अमेरिकनांनी उगाच 'सॉकर' असं वेगळं नाव पाडलंय. पण मग हा शब्द आला कुठून? पायमोज्यांशी काही संबंध?

प्रतिसाद: मोज्यांशी नाही, आणि बारसंही अमेरिकेत झालेलं नाही. २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांनी मिळून 'फुटबॉल असोसिएशन' काढली. तोवर ज्या शाळेचं मैदान, त्या शाळेचे नियम. खरी जुंपली ती नडगीवरून. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ घालायची मुभा असावी की नाही? ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल म्हणाले, ती काढलीत तर आठवडाभर सराव केलेले फ्रेंचसुद्धा तुम्हाला हरवतील! बहुमताने लाथ गेली, पाठोपाठ ब्लॅकहीथही गेला.

उरलेल्यांचा खेळ तो 'असोसिएशन फुटबॉल'. ऑक्सफर्डच्या पोरांना शब्द छाटून शेपटाला 'अर' लावायची खोड होती. रग्बीचं 'रगर' केलं, तसं असोसिएशनच्या स्पेलिंगमधली एस-ओ-सी उचलून 'सॉकर'. उच्चारात तिथे 'सोस' आहे, म्हणून आपल्याला धागा चटकन सापडत नाही.

प्रतिसाद: पुरवणी. १८६३ च्या त्या नियमांत चेंडू हाताने झेलायला परवानगी होती. झेलून लगेच टाचेने जमिनीवर खूण केली की फ्री किक! म्हणजे नावातल्या 'फुट'वर फार विसंबू नका. 'पायाने मारायचा' नव्हे, तर घोड्यावर न बसता 'पायी खेळायचा' चेंडू, असाही एक अर्थ लावतात. मला तो ओढूनताणून वाटतो. इटालियन लोकांचा कारभार सरळ: 'काल्चो', म्हणजे लाथ.

प्रतिसाद: विषय निघालाच आहे तर कोल्हापूरचा शब्द घ्या. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. नवख्याला वाटतं पैलवानांची नावं, निघतात फुटबॉलचे संघ. अरबी 'तालीम' म्हणजे शिक्षण, मराठीत झाला आखाडा आणि पेठेत आल्यावर अकरा जणांची टीम. तिथे 'सॉकर' म्हणून बघा, कोण वळून बघतंय का!

विचारणा: आभार. मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणतो, मग रग्बीलाही फुटबॉलच म्हणायचं का?

प्रतिसाद: पोरगं हुशार आहे. ब्लॅकहीथ आणि इतर क्लबांनी १८७१ मध्ये काढलेल्या संघटनेचं नाव 'रग्बी फुटबॉल युनियन'. आजही तेच आहे.