मदत हवी आहे: चीनमधल्या स्थलांतरितांच्या मुलांवर पीएचडी – आधी भाषा की आधी नोंदणी?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. पीएचडीचा विषय मनात पक्का आहे, पण वाट सापडत नाहीये. इथे चीन, तैवान, जपानमध्ये शिकलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चीनमध्ये खेड्यातले आईबाप शहरात कारखान्यांत, बांधकामांवर जातात आणि मुलं गावी आजीआजोबांपाशी राहतात. इंग्रजी लेखांत या मुलांना ‘मागे सोडलेली’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरत आले. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या ऑनलाइन वर्गात चिनी शिकायला लागले, तेव्हा एकदा बाईंनी मूळ शब्दाची फोड करून सांगितली. शब्द आहे ‘ल्यूशौ’. ल्यू म्हणजे थांबणं, शौ म्हणजे राखणं. पूर्वी सम्राट राजधानीबाहेर गेला की मागे कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यालाही हाच शब्द होता. म्हणजे कुणीतरी टाकून गेलेलं पोर हा अर्थ त्या शब्दात नाहीच. राखण करत थांबलेलं पोर, असा आहे.

त्या रात्री मला आमच्याच भागातली सातवीतली एक मुलगी आठवली. तिचे आईवडील दिवाळीनंतर मुकादमाबरोबर ऊसतोडीला, कोयत्यावर जातात. मी तिला सहज विचारलं होतं, “तू मागं एकटीच राहिलीस का गं?” हातातली शेळीची दोरी न सोडता ती म्हणाली, “एकटी कुठं? आजी हाय की. अन् मी गेले तर घर कोण बघंल?”

इंग्रजीतून वाचून माझ्या हातून काय निसटत होतं ते तेव्हा कळलं. म्हणून मला हे काम चिनी कागद वाचूनच करायचंय.

संशोधन समितीत एकांनी विचारलं, “ऊसतोड दारात असताना चीन कशाला?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मूल गावी राहतं हे दोन्हीकडे सारखं दिसतं, पण राहण्याची कारणं वेगळी आहेत. तिकडे १९५८ पासून हुकौ म्हणजे कुटुंबनोंदणीची पद्धत आहे. मुलाची नोंदणी गावची असेल तर शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश अवघड जातो, आणि विद्यापीठ प्रवेशाची काओखाओ परीक्षा बहुतेकांना नोंदणीच्या प्रांतातच द्यावी लागते. तिथे मुलाला कागद अडवतो. आपल्याकडे कायदा कुणाला अडवत नाही, पण उसाच्या फडात शाळा नसते, आणि गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं नाही तर आजीशिवाय आधार नसतो. शिवाय आपला हंगाम पाच-सहा महिन्यांत उरकतो, तिकडे कित्येक आईबाप वसंतोत्सवाला म्हणजे चिनी नववर्षालाच घरी येतात. ही दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय मला आपलंही नीट दिसणार नाही, असं मनापासून वाटतं.

आता अडचणी.

पहिली आकड्यांची. २०१३ मध्ये अखिल चीन महिला महासंघाने अशी मुलं ६ कोटी १० लाख असल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये नागरी व्यवहार मंत्रालयाने आकडा दिला ९० लाख २० हजार! तीन वर्षांत पाच कोटी मुलांचे आईबाप घरी परतले नाहीत, व्याख्या बदलली. आधी १८ वर्षांखालचं आणि आईबापांपैकी निदान एक जण बाहेर असलेलं ग्रामीण मूल मोजत. नंतर १६ वर्षांखालचं, आणि दोघंही बाहेर असतील किंवा एक बाहेर व दुसरा सांभाळायला असमर्थ असेल तरच. २०१८ मध्ये हाच आकडा ६९ लाख ७० हजारांवर आला आणि त्यातली ९६ टक्के मुलं आजीआजोबांकडे होती. आई गावात, बाप शेंझेनसारख्या शहरात, अशी बहुतेक घरं या मोजणीतून गेली. सरकारी कागदात हा बदल कोणत्या शब्दांत मांडला ते मला मुळातून वाचायचंय.

दुसरी अडचण साहित्याची. सीएनकेआय या चिनी संग्रहातले प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकं १ एप्रिल २०२३ पासून परदेशातल्या ग्रंथालयांना मिळेनाशी झाली. भारतातून कुणी पर्यायी वाट काढली आहे का? रेनमिन विद्यापीठाची शालेय पाहणी (२०१३-१४ पासूनची, ११२ शाळा, सुमारे २० हजार विद्यार्थी) मला फार उपयोगी पडेल. तिची माहिती अर्ज करून मिळवलेलं कुणी इथे आहे का?

तिसरी अडचण माणसांची. पेइचिंगच्या (बीजिंगच्या) कृषी विद्यापीठातले ये जिंगचोंग यांनी गावात राहिलेली मुलं, बायका, म्हातारे या तिघांवरही काम केलंय. ऑक्सफर्डच्या रेचल मर्फी आन्ह्वेइ आणि च्यांगशी प्रांतांतल्या मुलांशी वर्षानुवर्षं बोलत राहिल्या. श्यांग ब्याओ यांनी पेइचिंगमधली, वेनचौ शहराकडून आलेल्यांची वस्ती अभ्यासली आणि पुढे हैदराबादला येऊन आयटीतल्या तेलुगू मुलांच्या परदेशी जाण्यावर लिहिलं. हे वाचून मला केवढा धीर आला! अशा अभ्यासकांना पहिलं पत्र कसं लिहावं? चिनी प्राध्यापकांना मोडक्या चिनीत लिहिणं बरं की सरळ इंग्रजीत?

आणि मुख्य प्रश्न. माझी एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी झाली आहे. वर्तमानपत्र अडखळत वाचते, शासकीय मजकूर अजून झेपत नाही. तैवानमध्ये चिनी शिकण्यासाठी मिळणाऱ्या ह्वायू शिष्यवृत्तीचा विचार करतेय, पण तिथे पारंपरिक लिपी, आणि माझे सगळे कागद चीनमधल्या सोप्या लिपीतले. दोन्हीचा गोंधळ होतो का? की जेएनयूत नाव नोंदवून, दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीजमधल्या लोकांना भेटून, भाषा चालता चालता पक्की करावी? घरी सहा वर्षांचा मुलगा आहे, सासूबाई सांभाळायला तयार आहेत. एक वर्ष बाहेर जाणं जमेल, तीन वर्षं नाही.

काही जण म्हणतात, मराठी माणसाने हे आता कुठे सुरू करायचं. १९३७ साली पु. वि. बापटांनी पुण्यातून पाली विसुद्धिमग्ग आणि चिनी भाषांतरात टिकलेला विमुत्तिमग्ग या बौद्ध ग्रंथांची तुलना छापली होती. म्हणजे मुळातून चिनी वाचून संशोधन करणं आपल्याकडे आधीच झालेलं आहे.

ज्यांनी नोकरी आणि घर सांभाळून तिशीनंतर चिनी वाचनापर्यंत नेली, त्यांनी रोज किती तास दिले आणि कुठल्या टप्प्यावर सरकारी मजकूर सुटायला लागला, एवढं तरी नक्की लिहा. अर्जाची मुदत जवळ येतेय.