अल्पसंख्याक महाविद्यालयाचं ध्येय ठरवायचं कोणी: संस्थेने की शिक्षकांनी?

मसुदाकार

ख्रिस्ती संस्थांच्या अनुदानित कला-विज्ञान महाविद्यालयांपुरती ही चर्चा ठेवू. ध्येय (मिशन) संस्थेचं असतं, पण ते वर्गात, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालात आणि समाजकार्याच्या तासांत उतरवायचं काम शिक्षकांचं. मग ते ठरवताना शिक्षकांचा आवाज किती? माझ्या मते आज फारच कमी.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चं कलम ९७ बघा. महाविद्यालय विकास समिती (सीडीसी) १५ जणांची. पूर्णवेळ शिक्षकांनी निवडलेले ३ शिक्षक (किमान एक महिला), १ शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव, असे सहा. उरलेले नऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, सचिव, संस्थेने नेमलेले ४ स्थानिक सदस्य, प्राचार्य, प्राचार्यांनी नेमलेले एक विभागप्रमुख आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक. परिषदच स्थापन झालेली नसेल तर सहाचे चार होतात. वर्षाला किमान चार बैठका, आणि त्यातून निघते ती शिफारस. अंदाजपत्रकाला मंजुरी संस्थाच देते.

माझी मागणी साधी आहे. ध्येयवाक्यातला बदल, मूल्यशिक्षण व समाजसहभागाच्या श्रेयांकांची (क्रेडिट) रचना आणि भरतीच्या मुलाखतीत ध्येयाबद्दल विचारायचे प्रश्न, या तीन बाबींचा लेखी मसुदा आधी शिक्षकसभेपुढे यावा. सूचनांना पंधरा दिवस द्यावेत. सूचना नाकारायची तर संस्थेने कारण लिहून द्यावं. मतदान नको.

कलम तीस

मागणी साधी दिसते, पण ती कुठे जाते ते आधी झालेलं आहे. गुजरात विद्यापीठ कायद्यात १९७२ च्या दुरुस्तीने कलम ३३अ आलं. प्रत्येक महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर कुलगुरूंचा प्रतिनिधी, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर आणि विद्यार्थी घ्यायचे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजची जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाची) संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवलं की हे कलम अल्पसंख्याक संस्थांना लागू होणार नाही. घटनेच्या अनुच्छेद ३०(१) नुसार संस्था चालवायचा हक्क ज्यांचा, त्यांचंच मंडळ कायद्याने बदलून टाकलं तर हक्क उरतो कुठे?

व्यवहारही बघा. मंजूर पदांचे पगार शासनाकडून, पात्रता यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची), अभ्यासक्रम विद्यापीठाचा. संस्थेच्या हातात खऱ्या अर्थाने उरते प्राचार्यांची निवड. २००६ च्या केरळमधल्या मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेज प्रकरणात तीही लढूनच राखावी लागली. तिथल्या कायद्यातला प्राचार्यपदासाठीचा ज्येष्ठतेचा नियम अल्पसंख्याक महाविद्यालयाला लागू नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बहुसंख्य शिक्षक त्या धर्माचे नसतात, ते नोकरीला येतात, संस्थेच्या ध्येयाला नव्हे. त्यात गैर काही नाही. पण मग ध्येयावर हक्क कसला?

मसुदाकार

१९७४ चा निकाल राज्याला अडवतो, संस्थेला नाही. बाहेरून माणसं लादू नका, एवढंच तो सांगतो. संस्थेने आपणहून शिक्षकांना विचारायला घटनेचा कुठला अडसर आहे? कारभाराचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा हक्क नव्हे, हेही त्याच परंपरेतलं वाक्य आहे, पण ते भिंतीवर कोणी लावत नाही.

आणि "ध्येयाला येत नाहीत" हे तुमचं म्हणणं जेझुइटांनाच मान्य नाही. त्यांच्या १९९५ च्या ३४ व्या महासभेचा १३ वा ठराव प्रापंचिकांबरोबर (धर्मगुरू नसलेल्यांबरोबर) ध्येयकार्यात सहकार्य करण्यावर आहे. २००८ च्या ३५ व्या महासभेचा ६ वा ठराव तर सहकार्य हे ध्येयाच्या गाभ्याशी असल्याचं सांगतो. जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पाद्री आरुपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधल्या वालेन्सियात "इतरांसाठी जगणारी माणसं" घडवायची असं सांगितलं. ते वाक्य आज निम्म्या माहितीपुस्तिकांवर असतं. ती माणसं घडवणार कोण? कार्यालयातले फादर एकटे?

पाठ्यक्रमवाला

तुम्ही दोघंही सीडीसीवर अडकलात. महाविद्यालय स्वायत्त असेल (मुंबईचं झेवियर्स २०१० पासून आहे) तर सत्ता दुसरीकडे आहे. यूजीसीच्या चौकटीत नियामक मंडळावर संस्थेचे ५ आणि शिक्षक फक्त २, तेही प्राचार्यांनी ज्येष्ठतेनुसार नेमलेले. तिथे भांडून काही मिळणार नाही. पण विद्वत परिषद पाहा: सगळे विभागप्रमुख, पाळीपाळीने ४ शिक्षक, बाहेरचे किमान ४ तज्ज्ञ आणि विद्यापीठाचे ३ प्रतिनिधी. चौदा विभागांच्या महाविद्यालयात प्राचार्य धरून आतले एकोणीस-वीस, बाहेरचे सात. अभ्यास मंडळात तर विभागातले सगळेच शिक्षक, शिवाय बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी सहा नावांतून निवडलेला एक, उद्योगातला एक आणि एक माजी विद्यार्थी.

म्हणजे मूल्यशिक्षणाच्या पेपरात काय शिकवायचं हे शिक्षकांच्याच हातात आहे. ते घालवतात कसं, तेही सांगतो. विषयपत्रिका आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येते. बाहेरचे तज्ज्ञ प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर सही करून "छान आहे" म्हणतात. मागच्या वर्षीच्या अभ्यासक्रमातली संदर्भयादी बदलून इतिवृत्त तयार होतं. चाळीस मिनिटांत मंडळ उठतं. मग वर्षभर स्टाफरूममध्ये कुरकुर चालते की आम्हाला कोणी विचारत नाही! विचारलं होतं की, मंगळवारी, अकरा वाजता.

तासिकावाली

सगळे पूर्णवेळ शिक्षकांबद्दलच बोलताय. सीडीसीत मत फक्त त्यांना. ज्या विभागात दोन पूर्णवेळ आणि चार सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहेत, तिथे ध्येय पोचवणारे बहुतेक जण मतदारच नाहीत.

समाजसहभागाचे दोन श्रेयांक घ्या. श्रेयांकाला ३० तास, म्हणजे विद्यार्थ्यामागे ६० तास. १२० जणांची तुकडी असेल तर ७,२०० तासांची पडताळणी. हजेरीपत्रकं, सामाजिक संस्थांची पत्रं, दैनंदिनी, तोंडी परीक्षा. कार्यभारात याचे तास मोजायचे किती, हे आधी ठरलेलं नसलं की काम सर्वात कनिष्ठाच्या गळ्यात पडतं. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकाच शाईत, एकाच अक्षरात भरलेली हजेरी येते आणि ती नाकारायची हिंमत कंत्राटी माणसाकडे नसते. ध्येय तिथे मरतं. मसुद्यात पहिली ओळ कार्यभाराची घाला.

कलम तीस

तासिकावाली यांचा मुद्दा रास्त आहे, आणि तो संस्थेनेच सोडवायचा आहे. पण मसुदाकार, तुमच्या तिसऱ्या बाबीला माझा ठाम विरोध आहे. मुलाखतीतले प्रश्न शिक्षकसभेत चर्चेला आले की महिन्याभरात उमेदवारांपर्यंत पोचतात. मग प्रत्येकजण सेवा आणि करुणेवर पाठ केलेली चार वाक्यं म्हणतो.

आणखी एक इशारा, जरा लांबचा. अमेरिकेत येशिवा या ज्यू विद्यापीठाच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की तिथले प्राध्यापक शैक्षणिक कारभारात इतके सामील आहेत की ते व्यवस्थापकच ठरतात. त्यामुळे तिथल्या कामगार संबंध कायद्याखाली संघटनेमार्फत सौदा करायचा हक्क गेला. आपला कायदा वेगळा आहे, पण बुक्टूच्या (मुंबईतल्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या) मोर्चात चालायचं आणि संस्थेच्या खुर्चीतही बसायचं, यातला ताण खोटा नाही.

पाठ्यक्रमवाला

ताण आहे, पण इथे कोणी खुर्ची मागितलेली नाही, लेखी कारण मागितलंय.

मुलाखतीबाबत मात्र मी कलम तीस यांच्या बाजूने. श्रद्धेबद्दल प्रश्न नकोच. "रविवारी कुठे जाता" हे विचारणं उमेदवाराला अपमानास्पद आणि संस्थेला निरुपयोगी. त्याऐवजी प्रात्यक्षिक तास घ्या आणि मागे पडलेल्या मुलासाठी काय कराल ते विचारा. विद्यार्थ्यांच्या बाजूने अनुच्छेद २८(३) आहेच: अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कोणालाही प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. प्रवेशअर्जावर त्यासाठी वेगळी सही घ्या. सरसकट "सर्व नियम मान्य" या चौकटीत ते ढकलू नका.

मसुदाकार

तिसरी बाब बदलतो. प्रश्न नव्हे, निकष सभेपुढे यावेत: प्रात्यक्षिक तासाला किती गुण, विद्यार्थ्यांसोबतच्या कामाला किती. ते फुटले तरी बिघडत नाही, उलट जाहिरातीतच छापा. कार्यभाराची ओळ वर घेतली: दर ४० विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक, सत्र सुरू होण्याआधी वेळापत्रकात नोंद. आणि सीएचबी शिक्षकांनाही सभेत सूचना द्यायचा हक्क.

कलम तीस

निकष चालतील. सीएचबीच्या सूचनाही. पण लेखी कारण देताना "संस्थेच्या धार्मिक स्वरूपाशी विसंगत" एवढं एक वाक्य पुरेसं मानलं पाहिजे. त्यापुढे खुलासा मागायचा हक्क नाही.

तासिकावाली

प्रार्थनेबद्दल असेल तर पुरेसं. कार्यभाराच्या तासांना तेच वाक्य लावलं तर चालणार नाही.