‘चौकट’ की ‘मांडणी’?

प्रश्न : एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली की लोकांची निवड बदलते, या मानसशास्त्रातील ‘फ्रेमिंग इफेक्ट’ला मराठीत काय म्हणावे? ‘चौकट-परिणाम’ हा शब्दशः पर्याय मला पटत नाही. याच विषयात येणाऱ्या ‘थिंकिंग स्टाइल’ला ‘विचारसरणी’ म्हणता येईल का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. ‘विचारसरणी’ म्हटले की गांधीवादी, मार्क्सवादी अशी मतप्रणाली डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत आहे ती विचार करण्याची धाटणी, म्हणजे कोणी तपशील सुटे करून तपासतो, तर कोणी एकंदर चित्र पाहून कौल देतो. त्यासाठी ‘विचारशैली’ योग्य.

‘फ्रेमिंग’साठी मी ‘मांडणी-परिणाम’ सुचवेन. मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८१ मध्ये दिलेल्या उदाहरणात साथीच्या रोगाने ६०० माणसे दगावण्याची भीती आहे. एका उपायाने २०० जण नक्की वाचतील. दुसऱ्याने सर्वच्या सर्व वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि कोणीही न वाचण्याची दोन-तृतीयांश, असे सांगितल्यावर ७२ टक्के लोकांनी खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटापुढे तेच उपाय ‘४०० जण मरतील’ अशा भाषेत ठेवले, तेव्हा ७८ टक्के लोक जोखमीच्या उपायाकडे वळले. आकडे तेच होते, बदलली ती मांडणी.

मराठीत ‘चौकट’ विचार करणाऱ्याची असते. ‘चौकटीबाहेर विचार करा’ असे आपण त्यालाच बजावतो. त्यामुळे ‘चौकट-परिणाम’ म्हटले की दोष ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा ठरतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते. रॉबिन लेबफ आणि एल्डार शाफिर या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की एकच मांडणी समोर असेल तर चिकित्सक विचारशैलीची माणसेही इतरांइतकीच तिच्या प्रभावाखाली येतात. दोन्ही मांडण्या एकाच माणसापुढे आल्या, तरच अशी माणसे आपल्या उत्तरांत अधिक सुसंगती राखतात. म्हणजे विचारशैलीचा उपयोग होतो तो तुलना करायला दुसरे वाक्य मिळाल्यावर, आणि ते द्यायचे की नाही हे मांडणाऱ्याच्या हाती असते.

पुरवणी प्रश्न : मी हे उदाहरण मराठीत आणते आहे. ‘२००च जण वाचतील’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : नाही. त्या एका ‘च’मुळे उरलेले ४०० लगेच समोर उभे राहतात आणि वाचण्याचे वाक्य मरणाचे होऊन बसते. ‘२०० जण तरी वाचतील’ यातला ‘तरी’ उलट दिलासा देतो. दोन्ही टाळावेत. ‘दगावतील’ हा शब्दही ‘मरतील’पेक्षा सौम्य आहे, म्हणून प्रश्नाच्या पर्यायांत तो नको. ‘२०० जणांचा जीव वाचेल’ आणि ‘४०० जणांचा जीव जाईल’ ही जोडी मला सर्वांत निर्दोष वाटते, कारण आकडा सोडला तर दोहोंत केवळ क्रियापद बदलते.